विरोधी बाकावरून राज्याकडे : यूजेनिया चार्ल्स यांची सत्तावीस वर्षे

कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध डोमिनिका हे बेट आहे. डोमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा. नावांतल्या साम्यामुळे दोहोंची नेहमी गल्लत होते. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढे, म्हणजे साडेसातशे चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, उभे डोंगर, दाट जंगल, मुबलक पाऊस आणि उतारांवर केळीच्या लहान लहान बागा. या देशाच्या पंतप्रधानपदी १९८० ते १९९५ अशी सलग पंधरा वर्षे मेरी यूजेनिया चार्ल्स होत्या. इंग्रजी बोलणाऱ्या स्वतंत्र कॅरिबियन देशांतल्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. परदेशी वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कॅरिबियनची लोहस्त्री’ म्हटले आणि मार्गारेट थॅचर यांच्यासाठी तयार झालेले बिरुद या बाईंना कायमचे चिकटले. या बिरुदाने त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध तेवढा दिसतो आणि तोही बाहेरून. चार्ल्सबाईंचे राजकारण सत्तेत घडलेले नाही. ते त्याआधीच्या बारा वर्षांत, विरोधी बाकावर घडले. सत्ता कोणाच्या हाती आहे यापेक्षा ती ज्याच्या हाती आहे त्याला कोणते प्रश्न विचारता येतात, याची त्यांना अधिक काळजी होती. ते प्रश्न त्यांनी स्वतः घडवले आणि दोन सरकारांपुढे ठेवले. पुढे त्यांचे स्वतःचे सरकार आले, तेव्हा त्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे. काही ठिकाणी ते सरकार या कसोटीला उतरते, काही ठिकाणी उतरत नाही. पुढील पाने वाचताना हा हिशेब वाचकाने मनाशी ठेवावा, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १५ मे १९१९ चा, राजधानी रोझोच्या दक्षिणेला किनाऱ्यावरच्या पॉइंट मिशेल गावातला. वडील जॉन बाप्तिस्त चार्ल्स गवंडीकामापासून सुरुवात करून व्यापार, जमीन आणि फळांच्या निर्यातीत वर आलेले. गरिबांच्या किरकोळ ठेवी घेणारी ‘पेनी बँक’ उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि शंभरी ओलांडून ते जगले. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या वंशातल्या एका कुटुंबाने दोन पिढ्यांत केलेली ही मजल होती. मुलीला त्यांनी कॅनडात टोरोंटो विद्यापीठात आणि मग लंडनला कायदा शिकायला पाठवले. १९४९ मध्ये ती परत आली ती बेटावरची पहिली महिला वकील म्हणून. पुढची एकोणीस वर्षे तिने रोझोत वकिली केली. चरित्रकार हा काळ सहसा एका परिच्छेदात उरकतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. लहान बेटावरच्या वकिलाकडे येणारे काम म्हणजे मुख्यतः जमिनीची कागदपत्रे, वारसाहक्क, गहाणखते आणि सरकारी खात्यांशी वाद. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, जिथे मंत्री अशिलाचा चुलतभाऊ असतो आणि फौजदार शेजारी राहतो, तिथे ओळखीने काम होण्याची सवय हवेत भरलेली असते. लिहिलेला कागद आणि त्यावरची सही, एवढाच दुबळ्या माणसाचा आधार. पुढे विधिमंडळात चार्ल्सबाई प्रत्येक विधेयकाचे कलम न् कलम वाचून का येत, अंदाजपत्रकातल्या एकेका आकड्यावर का अडून बसत, याचे मूळ या एकोणीस वर्षांत आहे.

राजकारणात त्या आल्या त्या वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, आणि त्यांना ओढून आणले ते एका कायद्याने. १९६८ साली एडवर्ड लब्लाँ यांच्या लेबर सरकारने राजद्रोही आणि अनिष्ट प्रकाशनांविरुद्ध कायदा आणला. सरकारवरच्या टीकेला त्याने सहज गुन्हा ठरवता आले असते. लोकांनी त्याचे नाव ‘तोंड बंद ठेवा विधेयक’ असे ठेवले. वर्तमानपत्रांचे संपादक, काही व्यावसायिक आणि चार्ल्सबाई एकत्र आल्या, सभा झाल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डोमिनिका फ्रीडम पार्टी स्थापन झाली. फिलिस शँड ऑलफ्री यांचे ‘द स्टार’ हे पत्र या लढ्यात पुढे होते. ऑलफ्री या कादंबरीकार, गोऱ्या जमीनदार घराण्यातल्या, आणि १९५५ मध्ये लेबर पार्टीच्या संस्थापक. त्याच पक्षाने त्यांना पुढे बाहेर काढले होते. श्रमिकांचा पक्ष काढणारी बाई आणि श्रीमंत निर्यातदाराची वकील मुलगी एका बाजूला येतात, ते छापण्याच्या आणि बोलण्याच्या हक्कासाठी. फ्रीडम पार्टीचा उगम कोणत्याही आर्थिक कार्यक्रमात नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. लब्लाँ हे खेड्यातून आलेले नेते होते. क्रेओल भाषा, गावोगावचे नाचगाणे, डोंगराआडच्या वस्त्यांपर्यंत रस्ते आणि शाळा यांना त्यांनी प्रतिष्ठा दिली. रोझोतल्या शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या वर्गाला हे सहन झाले नाही आणि अभिव्यक्तीच्या नावाखाली त्या वर्गाने आपली गेलेली पत परत मिळवण्याचा खटाटोप केला, असे लेबर पक्षाचे म्हणणे होते. डाव्या विचारांचे अनेक अभ्यासक आजही तेच म्हणतात. त्यात तथ्य आहे. फ्रीडम पार्टीचा चेहरा शहरी होता, तिचे सुरुवातीचे कार्यकर्ते सुखवस्तू होते, आणि १९७० च्या निवडणुकीत अकरापैकी दोनच जागा तिला मिळाल्या. स्वतः चार्ल्सबाई हरल्या आणि नामनियुक्त सभासद म्हणून सभागृहात गेल्या. परंतु मागणी करणारा कोण आहे यावरून मागणी खोटी ठरत नाही. लब्लाँ यांच्यानंतर १९७४ मध्ये पॅट्रिक जॉन आले. ते कामगार पुढारी होते, आणि त्यांच्या कारभारात ज्या कायद्यांची झळ बसली ती बड्या मंडळींइतकीच कामगार संघटनांनाही बसली. १९६८ मध्ये शहरी वाटणारी मागणी १९७९ मध्ये गोदीतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कामगारांची झाली. अकरा वर्षांत तिचा पाया इतका रुंदावला, तो ती मागणी मुळात खरी होती म्हणून.

विरोधी बाकावरची ही वर्षे सोवळी मात्र नव्हती. डिसेंबर १९७१ मध्ये सरकारने रोझोची नगर परिषद बरखास्त करण्याचे विधेयक आणले. परिषदेवर फ्रीडम पार्टीचे वर्चस्व होते, त्यामुळे सरकारचा हेतू उघड होता. पण त्या दिवशी चिडलेला जमाव थेट सभागृहात घुसला. कायद्याचे राज्य मागणाऱ्या पक्षाच्या पाठीराख्यांनी विधिमंडळाचा उंबरठा असा ओलांडावा, ही त्या पक्षाच्या इतिहासातली उणी बाजू आहे आणि ती लपवू नये. दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट जातीचा. सभासदांनी सभागृहात कोणता पोशाख करावा याचा नियम सरकार पक्षाने आणला, तेव्हा चार्ल्सबाई अंगावर झगा घालून आल्या, आसनापाशी उभ्या राहिल्या आणि झगा उतरवला. आत पोहण्याचा पोशाख होता. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. बेटावर हा किस्सा अजून सांगितला जातो आणि ऐकणारे हसतात. मला मात्र त्यात वकिलाचा युक्तिवाद दिसतो. नियम करणाऱ्यांनी नियमाचे शब्द नीट वाचले नव्हते, आणि वाचले नाहीत तर काय होते ते बाईंनी सगळ्यांसमोर करून दाखवले. १९७५ मध्ये त्या निवडून आल्या. एकवीसपैकी तीन जागा घेऊन फ्रीडम पार्टी अधिकृत विरोधी पक्ष झाली आणि चार्ल्सबाई विरोधी पक्षनेत्या. तीन माणसांच्या बळावर सरकारला रोज उत्तर द्यायला लावणे हे काम त्यांनी पुढची पाच वर्षे केले.

डोमिनिका ३ नोव्हेंबर १९७८ रोजी स्वतंत्र झाली. स्वातंत्र्याला बाईंचा विरोध होता असे त्यांच्यावर पुष्कळदा ठोकून दिले जाते. त्यांचा आग्रह वेगळा होता : लोकांचा कौल घ्यावा आणि घटनेत सरकारवर पुरेसे निर्बंध असावेत. पुढच्या सात महिन्यांत जे झाले त्याने हा आग्रह किती रास्त होता ते दिसले. पॅट्रिक जॉन यांच्या सरकारने बेटाच्या उत्तरेतला मोठा भूभाग मुक्त बंदरासाठी टेक्ससच्या एका व्यावसायिकाला दीर्घ मुदतीवर देण्याचा करार केला. विरोधकांनी तो चव्हाट्यावर आणला आणि सरकारला तो रद्द करावा लागला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी संबंधित व्यवहारांचे आरोप झाले. मग मे १९७९ मध्ये दोन विधेयके आली. एकाने सरकारी नोकरांच्या संपाला आळा बसणार होता, दुसऱ्याने वर्तमानपत्रांचे हातपाय बांधले जाणार होते. २९ मे रोजी हजारो लोक रोझोत सभागृहाबाहेर जमले. संरक्षण दलाने गोळीबार केला, एक तरुण ठार झाला, अनेक जखमी झाले. त्यानंतर देशव्यापी संप झाला. दुकाने, गोदी, कचेऱ्या बंद पडल्या. मंत्री एकामागून एक सोडून गेले. राष्ट्राध्यक्ष देश सोडून इंग्लंडला गेले. कामगार संघटना, चर्च, व्यापारी आणि विरोधी पक्ष यांची राष्ट्रीय बचाव समिती बनली, तिच्यात चार्ल्सबाई होत्या. जूनमध्ये ऑलिव्हर सेराफिन यांचे अंतरिम सरकार आले. सत्ता रस्त्यावर पडली असताना ती उचलायला बाई पुढे धावल्या नाहीत. सभागृहाने दुसरा पंतप्रधान निवडावा, वर्षभरात निवडणूक व्हावी, हा मार्ग त्यांनी मान्य केला. या संयमाचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

त्या निवडणुकीआधीच २९ ऑगस्ट १९७९ रोजी डेव्हिड हे चक्रीवादळ बेटावरून गेले. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वारे, केळीच्या बागा जवळजवळ सबंध आडव्या, आणि तीन चतुर्थांश लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही. २१ जुलै १९८० च्या मतदानात फ्रीडम पार्टीने एकवीसपैकी सतरा जागा घेतल्या. पॅट्रिक जॉन आणि सेराफिन दोघेही पडले. दोनच आठवड्यांनी ॲलन हे दुसरे वादळ आले आणि नव्याने लावलेली केळीही गेली. एकसष्ट वर्षांच्या चार्ल्सबाईंनी पंतप्रधानपदाबरोबर अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही स्वतःकडे ठेवली. लोक त्यांना ‘मामो’ म्हणू लागले.

पहिल्या दीड वर्षात राज्य दोनदा हिसकावून घेण्याचे प्रयत्न झाले. २७ एप्रिल १९८१ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ दहा जणांची एक टोळी पकडली गेली. माइक पर्ड्यू हा तिचा म्होरक्या, बरोबर कू क्लक्स क्लानचा डॉन ब्लॅक आणि कॅनडातला निओ-नाझी वोल्फगांग ड्रोगे. बंदुका, स्फोटके आणि नाझी झेंडा घेऊन ते बोटीने डोमिनिकाला जाणार होते. चार्ल्सबाईंचे सरकार उलथून पॅट्रिक जॉन यांना परत बसवायचे आणि मोबदल्यात बेटावर धंद्याच्या सवलती घ्यायच्या, असा बेत होता. ज्या बोटवाल्याची बोट त्यांनी ठरवली त्यानेच अमेरिकी अधिकाऱ्यांना खबर दिली. या कटाची पुढे पुष्कळ थट्टा झाली, आणि थट्टेत त्यातली भीषणता हरवते. काळ्या माणसांच्या एका स्वतंत्र देशावर गोऱ्या वंशवाद्यांचे दहाजणांचे टोळके ताबा मिळवू शकेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि बेटावरचे माजी सैनिक आतून साथ देतील यावर तो बेतलेला होता. हिशेब सर्वस्वी वेडगळ नव्हता. बाईंनी संरक्षण दल बरखास्त केले. १९ डिसेंबर १९८१ च्या पहाटे दलाचे माजी प्रमुख फ्रेडरिक न्यूटन यांच्या माणसांनी रोझोतले पोलीस मुख्यालय आणि तुरुंग यांवर हल्ला केला. एक पोलीस मारला गेला, पोलीसप्रमुख जखमी झाले, हल्ला परतवला गेला.

या संकटाला बाईंनी जे उत्तर दिले त्यात त्यांची कसोटी त्यांनाच लावून पाहता येते. जमेच्या बाजूला मोठी नोंद आहे : सैन्य मोडून काढल्यावर त्यांनी आपल्या विश्वासातले दुसरे सैन्य उभे केले नाही. डोमिनिकात आजही सैन्य नाही, पोलीस आहेत. शेजारच्या देशांत त्याच काळात सत्ता टिकवण्यासाठी खासगी टोळ्या आणि पक्षाचे सशस्त्र दल वाढत असताना हे घडले. पॅट्रिक जॉन यांच्यावर खटला चालला, खालच्या न्यायालयाने १९८२ मध्ये त्यांना सोडले, सरकार वरच्या न्यायालयांत गेले, फेरखटला झाला आणि १९८५ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. १९९० मध्ये त्यांची सुटका झाली. सोडून दिलेल्या माणसाला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सूडाचे वाटू शकते. तरी ते न्यायालयात, उघडपणे, अपिलाच्या वाटेने झाले. खर्चाच्या बाजूला मात्र आणीबाणी आहे, १९८४ चा राज्य सुरक्षा कायदा आहे, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्यूटन यांना दिलेली फाशी आहे. त्यांच्याबरोबर मृत्युदंड झालेल्या पाच जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली, न्यूटन यांची नाही. समर्थक म्हणतात की राज्य वाचवण्याची ती किंमत होती. मला हे पटत नाही. १९८६ मध्ये राज्याला तसा धोका उरला नव्हता. सुरक्षा कायद्यातली ऐसपैस भाषा तर १९६८ साली लब्लाँ सरकारने आणली असती तर चार्ल्सबाईच त्याविरुद्ध पहिल्या उभ्या राहिल्या असत्या.

अर्थकारणाबद्दल थोडक्यात. १९८० साली महागाई तीस टक्क्यांच्या आसपास होती, दोन वर्षांत ती पाच टक्क्यांच्या खाली आली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकारल्या गेल्या, सरकारी खर्चाला कात्री लागली, करवसुली कडक झाली, रस्ते बांधले गेले, वीज गावांपर्यंत गेली. सरकारी पैशाने आपले घर भरले असा आरोप बाईंवर त्यांच्या कडव्या विरोधकांनीही केला नाही. पण सगळी मदार केळीवर राहिली, आणि केळी ब्रिटनच्या बाजारातल्या राखीव जागेवर. डोंगरउतारावर एक-दोन एकर कसणारा शेतकरी मध्य अमेरिकेतल्या प्रचंड मळ्यांशी भावात टिकणे अशक्य होते. राखीव बाजार संपला की तो संपणार, हे ऐंशीच्या दशकातच दिसत होते. पंधरा वर्षे हातात असताना शेतीला दुसरा आधार दिला गेला नाही.

यापुढे ग्रेनाडा. २५ ऑक्टोबर १९८३ रोजी सकाळी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांच्याशेजारी चार्ल्सबाई होत्या. जगाने त्यांना पहिल्यांदा पाहिले ते तिथे, आणि बहुतेकांनी शेवटचेही तिथेच. ग्रेनाडात मॉरिस बिशप यांच्या क्रांतिकारी सरकारात फूट पडली होती; १९ ऑक्टोबरला बिशप आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना त्यांच्याच पक्षातल्या दुसऱ्या गटाच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या आणि सैन्याने चोवीस तासांची संचारबंदी पुकारली. पूर्व कॅरिबियन राज्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष त्या वेळी चार्ल्सबाई होत्या. संघटनेने बार्बाडोस, जमैका आणि अमेरिकेकडे हस्तक्षेपाची मागणी केली. आक्षेप घेणारे म्हणतात की अमेरिकेला हल्ला करायचाच होता, बाईंनी त्याला कॅरिबियन चेहरा पुरवला. संघटनेच्या करारात अशा मोहिमेला आधार नव्हता. त्रिनिदाद आणि गयाना यांनी विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईबद्दल खेद व्यक्त केला. महिनाभराने दिल्लीत इंदिरा गांधींच्या यजमानपदाखाली राष्ट्रकुल परिषद भरली, तिथेही याच विषयाची छाया होती.

या आक्षेपांतले कायद्याचे मुद्दे मी खोडून काढू शकत नाही, आणि बाईंच्या बाजूच्यांनीही ते कधी समाधानकारकपणे खोडले आहेत असे मला वाटत नाही. कलम न् कलम वाचणाऱ्या वकिलाने करारातल्या कलमांकडे या वेळी सोयीने पाहिले. परंतु ‘अमेरिकेची बाहुली’ हे स्पष्टीकरणही पुरत नाही. सशस्त्र गटाने आपले सरकार गिळावे, हा प्रसंग बाईंनी बावीस महिन्यांपूर्वी स्वतःच्या राजधानीत अनुभवला होता. पूर्व कॅरिबियनमधली कोणतीच पोलीस तुकडी अशा गटापुढे टिकणारी नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. बिशप यांच्या डाव्या धोरणांना त्यांचा विरोध होता. तरी बिशप साडेचार वर्षे सत्तेवर असताना त्यांच्याविरुद्ध सैन्य पाठवा असे या राज्यांनी म्हटले नव्हते. मागणी आली ती बिशप यांच्या खुनानंतर. ग्रेनाडातल्या लोकांपैकी बहुसंख्यांनी त्या वेळी हस्तक्षेपाचे स्वागत केले आणि डिसेंबर १९८४ मध्ये तिथे निवडणूक झाली, हेही नोंदवले पाहिजे. थॅचर यांचा या कारवाईला विरोध होता, हा एकच तपशील ‘कॅरिबियनची थॅचर’ हे बिरुद किती उथळ आहे ते दाखवायला पुरेसा आहे. लहान राज्याची असुरक्षितता लंडनमधून जाणवत नव्हती, रोझोतून जाणवत होती. चूक असेल तर ती हीच की त्या असुरक्षिततेवर एका महासत्तेचा पहारा हा उपाय मानला गेला, आणि महासत्तेला प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती.

स्त्री म्हणून त्यांच्याकडे कसे पाहावे, याबद्दल स्त्रीवाद्यांची तक्रार अशी की त्यांनी स्त्रीवादी म्हणवून घेण्याचे टाळले आणि स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम पुढे केला नाही. तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र डोमिनिकात बाई सभागृहात असणे ही चार्ल्सबाईंपासून सुरू झालेली गोष्ट नाही. एल्मा नेपियर १९४० मध्येच विधिमंडळावर निवडून गेल्या होत्या, कॅरिबियनमधल्या पहिल्या महिला. ऑलफ्री १९५८ मध्ये वेस्ट इंडिज संघराज्याच्या मंत्री झाल्या. लब्लाँ यांच्या मंत्रिमंडळात मेबल जेम्स होत्या. बाजार तर आधीपासून बायकांच्याच ताब्यात होता. भाजी-फळे बोटीवर चढवून शेजारच्या बेटांवर विकणाऱ्या हकस्टर बायका हा तिथल्या व्यापाराचा कणा होता. या परंपरेत वाढलेल्या बाईला स्वतःचे पद अपूर्व वाटले नसावे. तरीही त्यांच्यानंतर तीस वर्षांत त्या देशाला दुसरी महिला पंतप्रधान मिळाली नाही. २०२३ मध्ये कालिनागो समाजातल्या सिल्व्हानी बर्टन राष्ट्राध्यक्ष झाल्या, ते पद बहुतांशी मानाचे आहे. वाट आपोआप रुंद होते हा समज चार्ल्सबाईंनी बाळगला असेल, तर तो खरा ठरला नाही. जमैकाच्या पोर्शिया सिम्प्सन-मिलर, त्रिनिदादच्या कमला प्रसाद-बिसेसर, बार्बाडोसच्या मिया मॉटली पुढे आल्या त्या आपापल्या पक्षांतल्या दीर्घ झगड्यातून.

शेवटच्या टप्प्यातली एक नोंद सर्वांत जास्त खटकते. १९९३ मध्ये त्यांच्या सरकारने पैसे गुंतवणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकत्व देण्याची योजना सुरू केली. पुढच्या सरकारांनी ती इतकी वाढवली की पासपोर्टची विक्री हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग झाला. १९७९ मध्ये ज्या बाईंनी परक्या व्यावसायिकाला जमीन देण्याचा करार हाणून पाडला, त्यांनीच परक्या माणसाला नागरिकत्व विकत मिळण्याचा दरवाजा उघडला. दोन्ही व्यवहारांत फरक आहे; हा कायद्याने, उघडपणे केला होता. पण राज्याचा तुकडा विकायला काढणे हे दोन्हींत समान आहे, आणि विरोधी बाकावर चार्ल्सबाई असत्या तर त्यांनी हा प्रश्न विचारलाच असता.

मतदारांनी तो आपल्या पद्धतीने विचारला. १९८५ मध्ये पंधरा जागा, १९९० मध्ये अकरा, म्हणजे अगदी काठावरचे बहुमत. केळी विपणन महामंडळाचे माजी व्यवस्थापक एडिसन जेम्स यांनी काढलेला युनायटेड वर्कर्स पार्टी हा नवा पक्ष केळी उत्पादकांची नाराजी गोळा करत होता. १९९५ मध्ये बाईंनी निवडणूक लढवली नाही, पक्ष पाच जागांवर आला, जेम्स पंतप्रधान झाले. शहात्तर वर्षांच्या चार्ल्सबाई वॉशिंग्टनला जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकू लागल्या. सरकार कोणत्याही गोंधळाशिवाय बदलले. सोळा वर्षांपूर्वी याच रोझोत सरकार बदलताना रक्त सांडले होते. त्यांच्या कारकिर्दीचे मला सर्वांत भक्कम वाटणारे फळ हे आहे, आणि ग्रेनाडावरच्या शेकडो लेखांत त्याचा उल्लेखही सापडत नाही.

पक्ष मात्र राहिला नाही. निर्णय त्यांच्या हाती इतके एकवटले होते की दुसरी फळी तयार झाली नाही. २००० मध्ये फ्रीडम पार्टीला दोन जागा मिळाल्या आणि आपल्या जुन्या वैऱ्याच्या, लेबर पक्षाच्या, आघाडीत ती सामील झाली. मे २००५ मध्ये एकही जागा आली नाही. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला मार्टिनिकमधल्या रुग्णालयात चार्ल्सबाई वारल्या. ज्या पक्षाने सत्तावीस वर्षे सरकारला प्रश्न विचारण्याचा आणि सरकार चालवण्याचा अनुभव साठवला होता, तो डोमिनिकाच्या सभागृहातून नाहीसा झाला. त्यानंतरच्या लांबलचक एकपक्षीय वर्चस्वाच्या काळात तिथल्या विरोधकांना त्याची उणीव भासत राहिली आहे.